समोरच्या दाराची घंटा तूच वाजव

दिग्रसजवळच्या एका खेड्यातून स्टुटगार्टला गेलेल्या लेकीचं पत्र आलंय, चांगलं पाच पानी. तूर सोंगायला आलेल्या बाया चहाला थांबल्या होत्या, तेव्हा ओसरीवर बसूनच वाचून काढलं. नाव छापत नाही. थोडा मजकूर मात्र छापते, कारण तुमच्यातल्या कितीतरी जणींनी आपापल्या शब्दांत मला हेच लिहिलंय.

"ताई, आठ महिने झाले. आमच्या मजल्यावर तीन घरं आहेत, पण एकानंही आमच्या घरात डोकावून पाह्यलं नाही. जिन्यात भेटले तर हॅलो म्हणतात आन् दार लावून घेतात. आपल्याकडे नवीन माणूस राह्यला आलं की पहिल्याच सांजेला कोणी ना कोणी चहाला बोलावते. इथं मेलो तरी कोणाले कळणार नाही असं वाटते. समोरची म्हातारी तर मागच्या आठवड्यात आमच्या दाराला पाटी अडकवून गेली. आम्ही घाणेरडे आहो, असंच सांगायचं असन तिले."

बाई माझी, रडू नको. मी थोडं रागावणार आहे, तेही ऐकून घे.

आधी पाटीचं. तिच्यावर 'केरवोखं' असं लिहिलेलं असणार. केर शब्द आपलाच वाटतो ना? अर्थही तोच, झाडायचा आठवडा. स्टुटगार्ट आणि आसपासच्या श्वाबेन मुलखात ही रीत फार जुन्या काळापासून चालत आली आहे. इमारतीतली घरं आळीपाळीनं जिना आणि दारापुढची वाट झाडतात. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी, आणि आठवडा सरला की ती पुढच्या दाराला. म्हणजे त्या आजींनी तुला घाणेरडं म्हटलेलं नाही, घरातल्यांच्या पाळीत धरलंय. तू मात्र पाटी काढून चपलांच्या कपाटात टाकलीस, असं पुढच्याच ओळीत लिहितेस. गावी सडा-सारवण झाल्याशिवाय चूल पेटवत नव्हतीस ना तू? मग शनिवारी झाडू घे आणि पायऱ्या लख्ख कर. रविवारी नको, त्या दिवशी तिकडे शांतता पाळतात.

आता तुझ्या खऱ्या दुखण्याचं. "कोणी डोकावून पाह्यलं नाही." पोरी, तिथली रीत उलटी आहे! आपल्याकडे नवीन आलेल्याकडे गाव जातं. जर्मनीत नवीन आलेल्यानं शेजाऱ्यांची दारं वाजवायची आणि आम्ही अमुक, इथं राहायला आलोय, असं सांगायचं. तू आठ महिने त्यांची वाट पाहिलीस. ते आठ महिने तुझी वाट पाहत असतील. कॅलर्व्हो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं १९६० साली परक्या संस्कृतीच्या या धक्क्यावर लेख लिहिला. त्याचं म्हणणं असं, की माणूस परमुलखात कासावीस होतो, कारण भेटल्यावर काय बोलावं, कधी हात पुढे करावा, या रोजच्या ओळखीच्या खुणाच हरवतात. सुरुवातीचं अप्रूप ओसरलं की चिडचिड सुरू होते, आणि मग हळूहळू माणूस रुळतो. तू त्या चिडचिडीत आहेस. तुझ्यात खोट नाही आणि त्यांच्यातही नाही.

मी बावीस वर्षं त्याच मुलखात काढली. दर्यापूर तालुक्यात परतून आता तीन वर्षं झाली. पण तिथली एक गोष्ट आजही मनाला लागून आहे. आमचा मोठा तेव्हा चार वर्षांचा. ६ डिसेंबरला सकाळी दार उघडलं तर जिन्यात ठेवलेल्या त्याच्या बुटांत दोन छोटी संत्री आणि मूठभर अक्रोड. मी वरूड-मोर्शीच्या संत्र्यांवर वाढलेली, वासानंच जीव हरखला. पण कुणाचं फुकट घेऊ नये ही आईची शिकवण. खालच्या मजल्यावरच्या बाईंना आदल्या दिवशी फळं आणताना पाहिलं होतं. चुकून राहिलं असेल म्हणून सगळं पिशवीत भरून त्यांच्या दाराशी ठेवून आले. त्या दिवसापासून त्या बाई माझ्याकडे बघेनात.

भाषेच्या वर्गातल्या बाईंनी पुढे सांगितलं, तो निकोलाउसचा दिवस, लेकरांच्या बुटांत खाऊ ठेवायचा. मी सवाष्णीच्या दारात जाऊन तिचं वाण तिलाच परत केलं होतं. इतकी लाज वाटली मला. तोवर संक्रांत होऊन गेली होती, पण रथसप्तमी यायची होती. स्टीलच्या वाटीत तिळगूळ घेतला, मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये माफी पाठ केली आणि घंटा वाजवली. त्यांनी आत बोलावलं नाही. वाटी घेतली, हसल्या, दार लावलं. आठवडाभरानं वाटी परत आली, तीही त्यांच्या फाशिंगच्या सणाचे तळलेले गोड वडे घेऊन. माझी आई म्हणायची, शेजारची वाटी रिकामी पाठवू नये. तिकडे, खालच्या मजल्याच्या त्या दारातही, तेच दिसलं.

पुढच्याच वर्षी ह्यांचं अपेंडिक्स मध्यरात्री उठलं. मराठी मंडळाचे आमचे जिवाभावाचे लोक चाळीस किलोमीटरवर. दोन्ही लेकरांना कुशीत घेऊन सकाळपर्यंत बसल्या त्या खालच्या बाईच. तू लिहितेस, "दर शनिवारी आम्ही आपल्या माणसांकडे जातो, त्यामुळे तसं काही अडत नाही." जा ना, जरूर जा. पण रात्री दोनला धावून येणारं माणूस भिंतीपलीकडचंच असतं.

तेव्हा येत्या शनिवारी असं कर. पुडाच्या वड्या कर, सांभार म्हणजे आपली कोथिंबीर भरपूर घाल, तिखट निम्मं ठेव. थोड्याच ने, सहा पुरेत. दुपारी चारच्या सुमारास जा, जेवणाच्या वेळी किंवा रात्री नको. दारातच उभी राहा, आत येण्याची वाट बघू नको, घर दिसलं नाही म्हणून खट्टू होऊ नको. वडीत काय आहे ते चिठ्ठीवर लिही, खाली तुझं नाव. एवढं बोलून परत ये. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन दारोदार बोजारा मागायला जायचीस, तेव्हा कुणाला विचारून गेली होतीस? तो धीर तुझ्यात आहे. तुझं पार्सल त्या आजींकडे ठेवल्याचं कार्ड पोस्टमननं टाकलं, तेव्हा तू नवऱ्याला पाठवलंस. यापुढे तू जायचं.

बाकीचं थोडक्यात. लेक बालवाडीत बोलत नाही, तर बोलेल. नवी भाषा कानावर पडत असताना लेकरं काही महिने गप्प राहतात. घरात तुझी वऱ्हाडी सोडू नको. डिसेंबरात साडेचारलाच अंधारून येतं, म्हणून दुपारी अर्धा तास बाहेर पड, आणि मन फारच खचलं तर डॉक्टरांना सांग. दिरांच्या बोअरवेलच्या पैशांचं तुम्ही नवरा-बायको आधी आपसात ठरवा, मग एकानंच फोन करा.

आणि पाच पानांत तू सतरा वेळा "समोरची म्हातारी" लिहिलंस. मी मोजलं. तिकडे प्रत्येक घंटेशेजारी आडनाव लिहिलेलं असतं, आठ महिने ते तुझ्या डोळ्यांसमोर आहे. ते वाच, 'फ्राऊ' म्हणजे श्रीमती, ते लावून नीट म्हणायला शीक, आणि त्यांना तुम्हीच म्हण. तू म्हणायची मुभा तिकडेही वडील माणसानंच द्यायची असते. पुढच्या पत्रात मला त्यांचं आडनाव लिहून पाठव.