डॉक्टर सगळ्या घराला का बोलवतायत?

ताई, तुम्ही विचारलंय की 16 वर्षांच्या मुलाला बायपोलर (कधी अति उत्साह, कधी खोल उदासी, असा मनाचा आजार) निघालं, गोळ्या चालू झाल्या, आणि आता डॉक्टर म्हणतात घरातले सगळे या, म्हणजे आमचंच काही चुकलं का? नाही हो. हा आजार घरच्यांच्या वागण्याने होत नाही, त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. पण घरात उठताबसता टोमणे, आरडाओरडा चालू राहिला तर आजार परत उलटायची शक्यता वाढते, म्हणून सगळ्यांना बसवतात, याला फॅमिली-फोकस्ड थेरपी म्हणतात. गोळ्या चालूच ठेवायच्या, हे त्याच्या जोडीला.

आधी आजाराची माहिती देतात, मग बोलायच्या पद्धतीचा सराव, मग अडचणी सोडवणं. बोलण्याचा सराव सुरुवातीला नाटकी वाटतो, समोरासमोर बसून एकमेकांचं एक चांगलं, नेमकं सांगायचं. आपल्याकडे कौतुक म्हणजे 'बरा हा' एवढंच, आमचे हे तर पंख्याकडे बघत बसले होते, शेवटी लेकीला, तिलाही हाच आजार आहे, म्हणाले "काल गोळी न सांगता घेतलीस, बरं वाटलं मला", आणि ती चक्क हसली.

आमच्या घरी खरी कसोटी शिमग्याची. झोप तुटली की मेनिया, म्हणजे तो अति उत्साहाचा झटका, उसळू शकतो आणि पालखीच्या दिवसांत रात्र रात्र जागरण, तिला बंदी घातली असती तर घरात रणकंदन झालं असतं. मग बैठकीत तिच्यासकट सगळ्यांनी पर्याय कागदावर काढले, वेडेवाकडे सुद्धा, आणि तिनेच निवडलं की पालखी घरी येईल तेव्हा पूर्ण वेळ, सहाणेवर (गावात पालखी बसते तिथे) रात्री दहापर्यंत, मग भावाबरोबर घरी. कपाटाच्या दाराला आतून अजून एक कागद आहे, तिच्या अक्षरातला: "कमी झोपूनही दमत नाही, सगळ्या वह्या नव्याने लिहायला काढते, भराभर बोलते." यातलं दोन दिवस दिसलं की डॉक्टरांना फोन, वाद नाही.

पूर्ण कोर्स अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ मिक्लोविट्झ यांच्या पद्धतीत 9 महिन्यांत 21 बैठकांचा आहे. कोकणात एवढं कुठे जमतंय, पण घाबरू नका. 2014 साली 145 मुलांवरचा त्यांचाच अभ्यास आला, त्यात 21 बैठकावाले 3 बैठकावाल्यांपेक्षा लवकर बरे झाले असं काही दिसलं नाही, फक्त दुसऱ्या वर्षी मेनियाचा जोर त्यांच्यात कमी राहिला. म्हणून मिळतील तेवढ्या घ्या.

आजी 'बाहेरचं आहे' म्हणतात ना, त्यांना पहिल्याच बैठकीला न्या, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू देत. कौल लावायचा तर लावू देत, त्यावरून भांडू नका, गोळी मात्र बंद नाही. लिथियम असेल तर मे महिन्याच्या घामात, जुलाबात पाणी कमी पडू देऊ नका, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुखण्याची गोळी नको. जीव द्यायचं बोलला तर बैठकीची वाट बघायची नाही, त्याला एकटं न सोडता सरळ हॉस्पिटल गाठा. रात्रीबेरात्री काही सुचलं नाही तर 14416 ला फोन करा, टेलिमानस आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

मिस्टर मुंबईला असतात म्हणालात. पहिल्या बैठकीला त्यांना रजा टाकून यायलाच सांगा, पुढचं व्हिडिओ कॉलवर चालेल का ते डॉक्टरांना तिथेच विचारून घ्या.