अमेरिकेतल्या जुन्या रेल्वेचा कंदील, किल्ल्या, ताटली यांना संग्राहक किती पैसे देतात?

पेन्सिल्व्हेनियात घेतलेल्या जुन्या घराच्या तळघरात रेल्वेचा एक कंदील, दोन पितळी किल्ल्या आणि काठावर इंजिनांची चित्रं असलेली निळी ताटली मिळाली, इथले हौशी लोक त्याचे किती देतील, असं तुम्ही विचारलंय. मी ओहायोत राहतो आणि रेल्वेचे कंदीलच जमवतो. त्यामुळे कंदिलाबद्दल जरा लांबेल, ते चालवून घ्या.

या बाजारात वस्तू किती जुनी आहे याला लोक समजतात तेवढी किंमत नाही. भाव ठरतो तो वस्तूवरच्या अक्षरांवर. अमेरिकेत आपल्यासारखी सरकारी रेल्वे नव्हती. शेकडो खासगी कंपन्या होत्या आणि प्रत्येक कंपनी आपल्या कंदिलावर, कुलपावर, अगदी डायनिंग कारमधल्या चमच्यावरही आपली अक्षरं उठवून घ्यायची. तुमच्या कंदिलाच्या झाकणावर पी.आर.आर. आहे, म्हणजे पेन्सिल्व्हेनिया रेलरोड. ही एके काळी देशातली सगळ्यात मोठी रेल्वे कंपनी. 1968 मध्ये ती आणि न्यूयॉर्क सेंट्रल एकत्र आल्या आणि 1970 मध्ये ती जोडकंपनी दिवाळखोरीत गेली. पण तोवर तिचे इतके कंदील तयार झाले होते की तुमच्या भागात ते आजही गॅरेज सेलमध्ये, म्हणजे लोक घरचं जुनं सामान दारात मांडून विकतात तिथे, दिसतात. असा साधा, धड अवस्थेतला कंदील साधारण 50 ते 100 डॉलरला जातो. त्याच राज्यात ईस्ट ब्रॉड टॉप नावाची कोळसा वाहणारी छोटी रेल्वे होती, तीन फुटी रुळांची. 1956 मध्ये तिची मालवाहतूक थांबली. तिची अक्षरं असलेला कंदील निघाला तर याच्या कित्येक पट पैसे मोजणारे लोक आहेत, कारण मुळात कर्मचारीच थोडे, तर कंदील कुठून जास्त असणार?

आता काच. काच जवळपास साडेपाच इंच उंच असेल तर तो जुना, उंच काचेचा कंदील. सव्वातीन इंच असेल तर नंतरचा. ॲडलेक कंपनीचे ‘केरो’ कंदील हे दुसऱ्या प्रकारातले, आणि सर्रास मिळणारे. उंच काचेला भाव चांगला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे काचेवर कंपनीची अक्षरं आहेत का, आणि असतील तर ती काच ओततानाच साच्यातून उठून आली आहेत की नंतर कोरली आहेत. साच्यातली उठावाची अक्षरं बोटाला लागतात. ती झाकणावरच्या अक्षरांशी जुळली तर कंदील एकदम शेकड्यांत जातो, आणि रंग दुर्मीळ असेल तर हजारापलीकडेही. रंगाला प्रत्यक्ष कामात अर्थ होता: लाल म्हणजे थांबा, निळा म्हणजे डब्याखाली किंवा डब्यावर माणसं काम करताहेत, गाडी हलवू नका. पांढऱ्या आणि लाल काचा भरपूर आहेत. निळ्या, हिरव्या, पिवळसर कमी. तुमची लाल, आखूड आणि कोरी आहे, म्हणून तिच्यामुळे भाव चढणार नाही.

कंदिलावर पेटंटच्या तारखा दिसतील. 1913 वाचून ‘शंभर वर्षांचा कंदील’ म्हणून जाहिरात टाकू नका. ती पेटंटची तारीख आहे, कंदील त्यानंतर कितीतरी वर्षांनी घडवलेला असू शकतो. आणि कृपा करून तो तारेच्या ब्रशने घासू नका, काळा रंगही देऊ नका. मऊ फडक्याने धूळ पुसा, बस. घासूनपुसून चकचकीत केलेला कंदील पाहिला की मला खरंच वाईट वाटतं, कारण झाकणावरची उथळ अक्षरं घासताना कायमची जातात.

किल्ल्या बहुधा सांध्याच्या, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवण्याच्या जागेच्या, कुलपांच्या आहेत. गाडी चुकीच्या रुळावर जाऊ नये म्हणून सांधे कुलूपबंद असायचे आणि सांधेवाल्यापासून गार्डापर्यंत सगळ्यांकडे ती किल्ली असायची. मोठ्या रेल्वेची किल्ली 15 ते 40 डॉलरची. इथे बनावट माल फार आहे. कोऱ्या किल्लीवर दुर्मीळ रेल्वेची अक्षरं ठोकायला दोन मिनिटं लागतात. खिशात वर्षानुवर्षं घासलेल्या किल्लीच्या कडा गुळगुळीत होतात, अक्षरांच्याही. किल्ली झिजलेली आणि अक्षरं मात्र धारदार, असं दिसलं तर संशय घ्यावा.

निळी ताटली बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेची वाटते. त्या कंपनीला 1927 मध्ये शंभर वर्षं झाली, तेव्हा डायनिंग कारसाठी हा संच काढला. पण तो लोकांना इतका आवडला की पुढे तशाच ताटल्या पुन्हा पुन्हा निघाल्या, आठवण म्हणून विकायलाही. म्हणून आधी ती उलटी करा. मागे ‘स्कॅमेल्स लॅम्बर्टन’ असा शिक्का असेल तर जुनी, आणि तडा किंवा टवका नसेल तर शंभर डॉलरच्या आसपास मागायला हरकत नाही. नंतरच्या प्रतींना त्यापेक्षा बरंच कमी मिळतं.

भाव बघताना ईबेवर लोक काय मागताहेत ते बघू नका, ‘विकलेल्या वस्तू’ एवढंच गाळून बघा. मागणारा 400 मागतो आणि तसाच कंदील 70 ला गेलेला असतो. वाफेच्या इंजिनांवर काम केलेली, ती पाहिलेली पिढी आता थकत चालली आहे, त्यांचे संग्रह बाजारात येताहेत. त्यामुळे सर्रास मिळणाऱ्या वस्तू उतरल्याच आहेत असं माझं मत आहे. दुर्मीळ मालाला मात्र गिऱ्हाईक टिकून आहे. विकायचंच असेल तर शक्यतो पेन्सिल्व्हेनियातच विका, आपल्या गावावरून गेलेल्या रेल्वेसाठी माणूस दोन पैसे जास्त देतो.

तुमच्या वर्णनावरून कंदील 60-70 डॉलर, पी.आर.आर.ची किल्ली 20 च्या आसपास. दुसऱ्या किल्लीवरची अक्षरं पुसट आहेत असं लिहिलंय, तिच्याबद्दल मला जास्त उत्सुकता आहे. अंधाऱ्या खोलीत टॉर्च बाजूने, अगदी तिरपा धरून भिंगातून बघा आणि जेवढी अक्षरं लागतील तेवढी इथे कळवा. छोट्या रेल्वेची निघाली तर बाकीच्या तिन्ही वस्तूंपेक्षा तीच महाग असेल.