गटारीनंतरचे पहिले चार दिवस

प्रश्न : मोठे दीर बारा वर्षांपासून रोज पितात, हल्ली दोन क्वार्टर. गेल्या वर्षी श्रावण पाळायचा म्हणून एकदम सोडली आणि दुसऱ्याच दिवशी फिट आली. यंदाही गटारीनंतर सोडणार म्हणतात. घरीच खोलीत ठेवून लक्ष दिलं तर चालेल का? (हडपसर)

उत्तर : नाही. एकदा फिट येऊन गेली आहे, त्यामुळे यंदा सोडायची ती दवाखान्यात दाखल होऊनच. अशी अचानक सोडण्याची प्रत्येक खेप आधीच्यापेक्षा जड जाऊ शकते.

रोज भरपूर पिणाऱ्याच्या मेंदूला दारू सतत दाबून ठेवते आणि मेंदू तोल सांभाळायला आपली उत्तेजना वाढवून बसतो. दारू थांबली की ही उत्तेजना मोकाट सुटते. शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत हात कापतात, घाम फुटतो, मळमळतं. फिट बहुधा ६ ते ४८ तासांत येते. सर्वांत घातक काळ ४८ ते ९६ तासांचा : ताप, धडधड, भिंतीवर मुंग्या-किडे दिसणं, आपण कुठे आहोत हेच न कळणं. पुष्कळ घरांत याला ‘बाहेरचं’ समजून अंगारे-धुपारे चालतात आणि तेवढ्यात माणूस हातचा जातो.

‘गल्लीतल्या दवाखान्यात सलाईन लावून आणू’ हेही धोक्याचं. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, संपत आलेलं असतं. त्याचं इंजेक्शन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलंही खर्च होतं. नजर, चाल आणि स्मरणशक्ती कायमची बिघडू शकते. म्हणून किती पितात, शेवटची कधी घेतली आणि मागे फिट आली होती, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. लाजेपायी ‘जरा अशक्तपणा आलाय’ म्हणू नका.

दवाखान्यात डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड ही मेंदू शांत करणारी औषधं देऊन साधारण आठवडाभरात डोस उतरवत नेतात. यकृत खराब असेल तर लोराझेपाम. या गोळ्या मेडिकलमधून आणून घरी देऊ नका. त्यावर दारू पोटात गेली तर श्वास बंद पडू शकतो. दाखल होईपर्यंत दारू एकदम तोडू नका. ऐकायला विचित्र वाटेल, पण यातच त्यांची सुरक्षितता आहे. घरी फिट आलीच तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, १०८ ला फोन लावा.

पुण्यात ससून रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे, येरवड्याला १९८६ पासूनचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६. आठवड्यात शरीरातली दारू उतरते, ओढ उतरत नाही. पुढे समुपदेशन आणि एएच्या (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांचा आपसांतला मदतगट) बैठका लागतातच. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला कसलाही उपचार मिळाल्याचं आढळलं. तुमचे दीर स्वतःहून सोडतो म्हणताहेत, ही संधी घरच्यांनी वाया घालवू नये.

प्रश्न : मुलाला न कळत चहातून द्यायची पूड एकांनी दिली आहे. देऊ का? (कोथरूड)

उत्तर : देऊ नका. पुडीत काय आहे हे लिहिलेलंच नसतं. त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवण्यासाठीचं औषध असेल तर ते दारूचं पचन अर्ध्यावर अडवतं आणि अॅसिटाल्डिहाइड हा विषारी पदार्थ रक्तात साचतो. चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. जीवही जाऊ शकतो. औषध चांगलं आहे, पण घेणाऱ्याला माहीत असेल तरच. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत परिणाम राहू शकतो, आणि दारू असलेलं खोकल्याचं औषधसुद्धा बाधतं. मुलाच्या संमतीने, यकृताची तपासणी करून डॉक्टरांनाच देऊ द्या.

प्रश्न : भाऊ ‘फक्त बिअर’ पितो, रोज स्ट्राँगच्या दोन मोठ्या बाटल्या. हे व्यसन म्हणायचं का? (पिंपरी)

उत्तर : आधी हिशेब पाहा. ६५० मिलीच्या ८ टक्क्यांच्या बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल असतं, दोन बाटल्यांत ८२. व्हिस्कीच्या १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण ६०. म्हणजे तो रोज क्वार्टरपेक्षा जास्तच पितो. सकाळी हात कापतात का, दुपार झाली की चिडचिड होते का, ठरवूनही एका बाटलीवर थांबता येत नाही का, हे विचारा. यातलं काही असेल तर त्यानेही एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांना भेटावं.