दाढीच्या ब्रशने रोज सारखा फेस का येत नाही? आधी टाकीतलं पाणी पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात असताना ब्रश आणि साबणाच्या वडीने उत्तम फेस यायचा, अमळनेरला बदली झाल्यापासून एक दिवस दाट येतो तर दुसऱ्या दिवशी नुसते बुडबुडे, गालावर टिकतच नाहीत. मग ब्रश बदलावा की साबण?

भाऊ, इतक्यात दोन्ही बदलू नका. ब्रश तोच, साबण तोच, हातही तोच. बदललंय ते पाणी, आणि आपल्या खान्देशात ते एकदाच बदलून थांबत नाही.

मी चोपड्याचा. आमच्याकडे काय, तुमच्याकडे काय, नळ रोज येत नाही. आला की टाकी भरून घ्यायची, ती उतरली की बोअर चालू करायचा. नळाचं पाणी नदीचं किंवा धरणाचं, त्यात क्षार बेताचे. बोअरचं पाणी मात्र जमिनीखालच्या खडकामातीतून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेऊन येतं. म्हणजे सोमवारी तुमच्या बेसिनला नळाचं पाणी, बुधवारी अर्धं अर्धं, शुक्रवारी निव्वळ बोअरचं. फेसही त्याच क्रमाने बिघडत जातो. पुण्यात खडकवासल्याचं पाणी रोज एकाच जातीचं मिळायचं, म्हणून तिथे हा विचार करायची वेळच आली नाही.

घरात खुणा दिसतीलच. कूलरच्या गवतावर पांढरी खार धरते का? गीझरच्या कॉइलवर थर बसतो का? तुरीची डाळ शिजायला जास्त शिट्ट्या लागतात का? तरी खात्री करायची असेल तर दोन सारख्या पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत टाकीतलं अर्धा कप पाणी, दुसरीत तेवढंच बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी. दोन्हींत दाढीच्या साबणाचा नखाएवढा सारखा तुकडा विरघळवा आणि जोरात हलवा. डिस्टिल्डच्या बाटलीत फेस उभा राहील. दुसरीत पाणी गढूळ होऊन वर पांढरा कचरा तरंगला, तर पाणी जड आहे. ही परीक्षा शॅम्पूने करू नका, तो जड पाण्यातही फेसाळतो. नळ आल्या दिवशी एकदा आणि बोअरच्या दिवशी एकदा करा, फरक डोळ्यांना दिसेल.

आत काय घडतं तेही सांगतो, कारण त्यातच उपाय आहे. दाढीचा साबण म्हणजे मुख्यतः स्टिअरिक आम्लासारख्या स्निग्धाम्लांचे सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार. पाण्यातलं कॅल्शियम त्यांना पकडतं आणि न विरघळणारा चिकट साका तयार करतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, कठीणपणाची, म्हणजे या जडपणाचीच, स्वीकार्य मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. 600 चं एक लिटर पाणी साडेतीन ग्रॅमच्या वर साबण खातं. ऐकायला भयंकर वाटतं, पण दाढीच्या फेसाला पाणी लागतं 20-25 मिलि. त्यात वाया जाणारा साबण ग्रॅमच्या दहाव्या भागाएवढाही नाही. ब्रशवर नीट ग्रॅमभर साबण चढवला असेल तर हे नुकसान सहज पचतं. वडीवर चार फेरे मारून ब्रश उचलला असेल, तर होता तो साबण पाण्याने खाल्ला आणि उरलेला साका बुडबुडे फोडत बसला. बोअरच्या दिवशी तुमचं हेच होत असणार.

म्हणून पहिला उपाय पाणी एकच ठेवण्याचा. दाढीपुरतं एक वाटी पाणी रोज आरओचं किंवा जारचं घ्या, तेवढ्याने कुणाचं पिण्याचं पाणी कमी पडत नाही. मात्र आरओच्या मागच्या नळीतून जे पाणी बाहेर पडतं आणि आपण बादलीत साठवून फरशीला वापरतो, ते चुकूनही घेऊ नका. मशीनने गाळून काढलेले सगळे क्षार त्यातच असतात. आरओ नसेल तर पाणी चांगलं उकळा, गार होऊन तळाशी थर बसू द्या आणि वरचं निथळून घ्या. यानेही कठीणपणाचा काही भाग जातो, सगळा नाही. पाण्यात लिंबू पिळू नका, आंबटपणाने साबणच फुटतो. धुण्याचा सोडाही नको, कातडी सोलवटते.

दुसरा उपाय साबण भरपूर घेण्याचा, आणि इथे घाई करू नका. वडीवर चमचाभर कोमट पाणी ओतून अंघोळ होईतो ठेवा. डुकराच्या केसांचा ब्रश असेल तर तोही तोवर भिजत ठेवा. नायलॉनच्या ब्रशला भिजवायची गरज नसते, ओला केला की झालं. वडीवरचं पाणी ओतून टाका, ब्रश दोन-तीनदा झटका आणि ओलसर ब्रश वडीवर अर्धा-पाऊण मिनिट फिरवत राहा. सुरुवातीला मोठे बुडबुडे येतील, ते मोजू नका. केसांच्या टोकांवर घट्ट, चिकट लगदा चढला की साबण पुरेसा झाला.

मग वाटीत किंवा थेट गालावर घोटायला घ्या. पाणी ओतायचं नाही, ब्रशचं फक्त टोक बुडवायचं, घोटायचं, पुन्हा टोक बुडवायचं. सलूनवाले ब्रश सारखा पाण्याला टेकवतात ते याचसाठी. लगदा निस्तेज आणि ओढल्यासारखा लागत असेल तर पाणी कमी आहे. बुडबुडे दिसत असतील तर पाणी जास्त किंवा साबण कमी, अशा वेळी ब्रश पुन्हा वडीवर न्या. पातळसर श्रीखंडासारखा चकचकीत झाला, त्यात एकही बुडबुडा दिसेना आणि दोन बोटांत चोळला तर बोटं निसटू लागली, की थांबा. फेस किती फुगला याला माझ्या लेखी महत्त्व नाही, निसटता किती आहे याला आहे. पातं त्यावरच चालतं.

तुरटीचं एक लक्षात ठेवा. आपल्याकडे दाढीनंतर तुरटी फिरवतातच, आणि ती फिरवावीच. पण दुसरा हात मारायचा असेल तर मध्ये तुरटी नको. तिच्यातलं ॲल्युमिनियमही कॅल्शियमसारखंच साबणाला धरतं आणि गालावरचा फेस बसतो.

ब्रशही एकदा स्वच्छ करून घ्या. इतके दिवस बोअरच्या पाण्यात धुतलात, म्हणजे मुळाशी साका साचला असणार. कपभर कोमट पाण्यात अर्धा चमचा लिंबूसत्त्व विरघळवून केस तेवढेच पाच मिनिटं बुडवा, दांड्याचा जोड वर राहू द्या. मग शॅम्पूने धुऊन खळखळून काढा. रोजचं शेवटचं खळबळणं वाटीत उरलेल्या आरओच्या पाण्यात करा, म्हणजे साका पुन्हा जमणार नाही.

एप्रिल-मेमध्ये आणखी एक अडचण येईल. पारा 44-45 वर गेला की चांगला फेससुद्धा गालावरच वाळतो. तेव्हा कूलर-पंख्याच्या झोतात दाढी करू नका, एका वेळी एकाच गालाला फेस लावा आणि घोटताना ब्रश एक-दोन वेळा जास्त बुडवा.

एवढं करूनही ब्रश घ्यायचाच असेल तर मऊ नायलॉनचा घ्या. तो पाणी धरून ठेवत नाही, लवकर वाळतो, आणि प्राण्यांचे केस नको असतील त्यांचाही प्रश्न मिटतो. साबण मात्र पुण्याहून आणलेलाच संपवा.