शेवटच्या फेऱ्यांमध्ये आठ गुणांची हमी कशाला हवी?

आपण विचारले आहे की, बारा संघांच्या आणि प्रत्येक झेलाला एक गुण देणाऱ्या ऑफिसच्या अमेरिकन फुटबॉल फँटसी लीगमध्ये (जिथे एनएफएल या अमेरिकी लीगमधल्या खऱ्या खेळाडूंच्या कामगिरीवर आपल्या संघाला गुण मिळतात) ड्राफ्टच्या, म्हणजे पाळीपाळीने खेळाडू निवडण्याच्या, नवव्या फेरीनंतर आठवड्याला आठ-नऊ गुण हमखास देणारे मुरलेले खेळाडू घ्यावेत, की ज्यांच्यात ‘अपसाइड’ (पुढे मोठे होण्याची शक्यता) आहे असे सगळे म्हणतात ते नवखे घ्यावेत. गेल्या वर्षी दुसरा मार्ग धरूनही आपला संघ सातवा आला, असेही आपण लिहिले आहे. माझे मत तरीही दुसऱ्याच मार्गाच्या बाजूने आहे. मात्र ‘अपसाइड’ या शब्दाचा आपण लावलेला अर्थ मला पटत नाही.

आधी हिशेब पाहू. बारा संघ आणि प्रत्येकी सोळा जागा धरल्या, तर ड्राफ्टमध्ये 192 खेळाडू उचलले जातात. आठवड्याला आठ गुण देणारा वाइड रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू) त्यानंतरही वेव्हरवर, म्हणजे कोणीही न घेतलेल्या खेळाडूंच्या यादीत, शिल्लक असतो, आणि तोही फुकट. जी वस्तू फुकट मिळते, तिच्यासाठी अकराव्या फेरीची निवड खर्च करण्यात अर्थ नाही. आपल्यापैकी अनेकांना फँटसीची ओळख क्रिकेटमुळे झाली. तेथे एकच खेळाडू हजारो जणांच्या संघांत असू शकतो आणि सामन्यागणिक संघ नव्याने बांधता येतो, त्यामुळे ‘आज किती गुण मिळतील’ हा प्रश्न तेथे योग्य ठरतो. ड्राफ्ट लीगमध्ये मात्र एक खेळाडू एकाच संघाचा असतो. बेंचवरच्या जागेची किंमत मोजून आपण त्याच्या पुढच्या चार महिन्यांतल्या शक्यतेवर हक्क सांगत असतो. ती शक्यता फळली नाही तर त्याला सोडून देता येते, म्हणजे तोटा त्या एका जागेपुरताच राहतो.

सुरक्षित खेळाडूचा खरा तोटा निराळाच आहे. त्याला सोडून देण्याचा धीर होत नाही. 2023 च्या सप्टेंबरमध्ये माझ्या बेंचवर असाच एक नावाजलेला, सावकाश उताराला लागलेला रिसीव्हर बसला होता. रॅम्स संघाच्या पुका नाकुआने पहिल्याच सामन्यात दहा झेल आणि 119 यार्ड मिळवले, तेव्हा त्याच्यासाठी जागा करायला मी या रिसीव्हरला सोडायला हवे होते. पण ‘एका आठवड्याने काय ठरते’ असे म्हणत मी थांबलो आणि लीगमधल्या एका मित्राने नाकुआला उचलले. दुसऱ्या आठवड्यात नाकुआने पंधरा झेल घेतले, आणि हंगामाअखेर 105 झेल व 1,486 यार्ड असा पदार्पणाच्या वर्षाचा विक्रम केला. माझा रिसीव्हर वर्षभर बेंचवरच राहिला.

आता ‘अपसाइड’विषयी. नाकुआ एनएफएलच्या, म्हणजे खऱ्या संघांच्या, ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीत, 177 व्या क्रमांकावर निवडलेला खेळाडू होता आणि बहुतेक फँटसी लीगमध्ये त्याला कोणी घेतलेही नव्हते. तो इतका मोठा होईल हे कोणालाही सांगता आले नसते, पण त्याच्यासमोरची वाट मोकळी होत होती हे दिसत होते. संघाचा मुख्य रिसीव्हर कूपर कप तिशीला आलेला होता, त्याचा आधीचा हंगाम घोट्याच्या दुखापतीने अर्धवट संपला होता, ऑगस्टमध्ये त्याची मांडीमागची शीर दुखावली होती आणि त्याच्यानंतर संघात प्रस्थापित असा रिसीव्हर नव्हता. त्याच संघाचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) कायरन विल्यम्स याचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. त्याच्या पुढे कॅम एकर्स होता. पण आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये एकर्स काही काळ संघाबाहेर बसला होता आणि त्याला दुसऱ्या संघाकडे देण्याचा प्रयत्नही झाला होता. पहिल्या सामन्यात एकर्सने 22 वेळा चेंडू नेऊन 29 यार्ड मिळवले, दुसऱ्या सामन्यात त्याला मैदानाबाहेर ठेवले गेले आणि लगेच त्याची रवानगी व्हायकिंग्ज संघाकडे झाली. विल्यम्सने बारा सामन्यांत 1,144 यार्ड धावून काढले.

म्हणून कोणत्याही नवख्याचे नाव यादीत लिहिण्यापूर्वी मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: याच्या पुढे कोण उभा आहे, आणि तो बाजूला होण्यासाठी नेमके काय घडावे लागेल? याचे उत्तर एका वाक्यात देता आले, तर तो अपसाइड. ‘फार गुणी आहे, कधीतरी चमकेल’ एवढेच उत्तर असेल, तर ती केवळ आशा झाली. आपण गेल्या वर्षी घेतलेल्या पाच नवख्यांपैकी तिघांच्या पुढे धडधाकट आणि ऐन भरातले दोन-दोन खेळाडू होते. तेथे दोन अपघात घडावे लागले असते.

या कसोटीवर रनिंग बॅक सर्वांत चांगले उतरतात, कारण त्यांच्या जागी एका दुखापतीने सगळे चित्र पालटते. 2024 मध्ये बहुतेक फँटसी ड्राफ्टमध्ये क्रिश्चन मकॅफ्री अगदी वरच्या क्रमांकावर गेला. पहिल्याच सामन्याला तो उतरला नाही आणि त्याच्या जागी आलेल्या जॉर्डन मेसनने 28 वेळा चेंडू नेऊन 147 यार्ड मिळवले. मात्र पुष्कळ जण राखीव रनिंग बॅक घेतात तो स्वतःच्याच मुख्य खेळाडूचा विमा म्हणून, आणि ते मला फारसे पटत नाही. विम्याने आपण होतो तिथेच राहतो. दुसऱ्याच्या मुख्य खेळाडूचा राखीव घेतला, तर त्याला संधी मिळताच माझ्याकडे एक जास्तीचा खेळाडू येतो. अट इतकीच की संघाचे आक्रमण चांगले असावे आणि सगळा भार त्या एकट्याकडे यावा, तिघांत वाटला जाऊ नये.

नवख्या रिसीव्हरच्या बाबतीत संयम लागतो. आमोन-रा सेंट ब्राउनला 2021 मध्ये डेट्रॉइट लायन्सने चौथ्या फेरीत घेतले. पहिल्या अकरा सामन्यांत त्याचे 39 झेल होते आणि एकही टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार नेणे) नव्हते. मग त्याच संघाचे डी’आंद्रे स्विफ्ट आणि टी. जे. हॉकन्सन जायबंदी झाले आणि शेवटच्या सहाही सामन्यांत त्याने प्रत्येकी किमान आठ झेल घेतले. पंधराव्या ते सतराव्या आठवड्यांत, जेव्हा फँटसीच्या बाद फेऱ्या चालतात, तेव्हा तो ज्याच्याकडे होता त्याचे दैव उघडले. पण बारा आठवडे त्याला सांभाळायचे, तर जागा हवी. म्हणून असे खेळाडू बेंचवर दोनच ठेवावेत. बाकीचे, तीन आठवड्यांत निकाल कळेल असे असावेत. हा निकाल गुणांवरून लावू नये, तो किती स्नॅप (संघाची प्रत्येक खेळी) मैदानावर आहे यावरून लावावा. दोन झेल पण ऐंशी टक्के स्नॅप असलेला खेळाडू मी ठेवतो, आणि तीन स्नॅपमध्ये एक लांब टचडाउन मिळवणारा सोडतो.

पहिल्या पाच फेऱ्यांना हे तर्कशास्त्र लावू नका. अटलांटाचा काइल पिट्स 2021 मध्ये एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर निवडला गेला आणि पहिल्या वर्षी त्याने 1,026 यार्ड मिळवले, पण टचडाउन एकच. पुढच्या वर्षी ‘आता टचडाउनही येतील’ या हिशेबाने लोकांनी फँटसीत त्याला तिसऱ्या फेरीच्या आसपास घेतले. अटलांटा लीगमधल्या सर्वांत कमी पास टाकणाऱ्या संघांपैकी एक होता; पिट्स दहा सामन्यांत 356 यार्डांवर थांबला. तेराव्या फेरीत ही चूक विसरता आली असती, तिसऱ्या फेरीत तिने हंगाम बुडवला.

क्वार्टरबॅकबद्दल (पास फेकणाऱ्या खेळाडूबद्दल) थोडक्यात: जो पायाने धावतो, तो घ्या. पासच्या 25 यार्डांना एक गुण मिळतो आणि धावलेल्या 10 यार्डांना एक. लामार जॅक्सनने 2019 मध्ये धावून मिळवलेले 1,206 यार्ड हे पासच्या 3,015 यार्डांच्या बरोबरीचे होते. आदल्या हंगामाचे शेवटचे सात सामने त्याने सुरुवातीपासून खेळले होते आणि तो किती धावतो हे सर्वांनी पाहिले होते, तरीही तो ड्राफ्टमध्ये बराच उशिरा जात होता.

शेवटी किकरविषयी, म्हणजे लाथ मारून गुण मिळवणाऱ्या खेळाडूविषयी. आपला ड्राफ्ट 24 ऑगस्टच्या सुमारास आहे असे आपण लिहिले आहे. लीगच्या नियमांत बसत असेल, तर त्या दिवशी किकर घेऊच नका. त्या जागी आणखी एक राखीव रनिंग बॅक घ्या. 2020 मध्ये जॅक्सनव्हिल संघाने आपला मुख्य रनिंग बॅक लेनर्ड फर्नेट याला 31 ऑगस्टला सोडून दिले आणि त्याच्या जागी आलेल्या, ज्याला एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये एकाही संघाने निवडले नव्हते, त्या जेम्स रॉबिन्सनने त्या वर्षी 1,070 यार्ड धावून काढले. पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी, ज्याची वाट अजून बंदच आहे असा रनिंग बॅक सोडावा आणि वेव्हरवरचा कोणताही किकर उचलावा.