समाधी, घाट आणि चितेतून निघालेला चैत्य

प्रश्न असा आला आहे: "बातम्यांत 'राजघाट समाधीस्थळ' म्हणतात. गांधीजींचं तर दहन झालं, मग समाधी कशी? आणि दिल्लीतल्या 'राष्ट्रीय स्मृति स्थल'ला मराठीत काय म्हणायचं?"

पहिल्या अर्ध्या प्रश्नाबद्दल आधी आभार, कारण हे मी वर्षानुवर्षं ऐकतोय आणि दरवेळी टीव्हीचा आवाज बंद करतोय. मागे एका ३० जानेवारीला एका निवेदिकेने गोड आवाजात सांगितलं, "याच ठिकाणी बापूंनी समाधी घेतली." घेतली? गोळ्या झाडल्या त्यांना, त्याही दुसरीकडे, बिर्ला भवनात. यमुनेकाठी ३१ जानेवारी १९४८ ला दहन झालं. समाधी घेणारा ती आपल्या मर्जीने घेतो. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीला घेतली. गांधींना कोणी विचारलं होतं?

समाधीचे ध्यान, योग, तंद्री हे अर्थ सोडून देतो, ते कुठल्याही कोशात सापडतील. आपल्या कामाचं एवढंच की सम् + आ + धा, म्हणजे नीट ठेवणं. संन्याशाला जाळत नाहीत, कारण त्याने आपले अग्नी संन्यास घेतानाच आवरलेले असतात. त्याला बसवून पुरतात, म्हणून तिथे 'ठेवणं' चपखल बसतं. या हिशेबाने चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर अण्णादुराई (१९६९), एमजीआर (१९८७), जयललिता (२०१६) आणि करुणानिधी (२०१८) यांच्या खऱ्या समाध्या, कारण चौघांनाही पुरलं आहे. गंमत म्हणजे तमिळमध्ये अशा जागेला 'निनैविडम' असा स्वतःचा शब्द आहे. निनैवु म्हणजे आठवण, इडम म्हणजे जागा. म्हणजे जिथे पुरलं तिथे स्मृतिस्थळ आणि जिथे जाळलं तिथे समाधी, असा आपल्या देशाचा उलटा कारभार.

आता कोणीतरी रायगड काढणार. काढा. महाराजांचंही दहनच झालं आणि आपण समाधीच म्हणतो. कराडला प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांचीही समाधीच. थोर माणसाच्या देहाचा शेवट जिथे झाला ती बांधीव जागा, असा अर्थ मराठीत मुरला आहे आणि रूढीपुढे मी मान तुकवतो, कटकट करत का होईना. 'समाधी आहे' चालेल. 'समाधी घेतली' चालणार नाही.

घाटाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. आमची आत्या साताऱ्याची. दिल्लीला गेली तेव्हा रिक्षात बसल्यावर तिने पदरात लिंबू धरलं आणि विचारलं, "घाट कधी लागतो?" राजघाटावर उतरली तरी डोंगर नाही, पायऱ्या नाहीत, पाणीसुद्धा दिसत नाही. समोर काळ्या संगमरवराचा चौकोनी चौथरा आणि त्यावर 'हे राम'. फसवलं म्हणाली. तिचं चुकलं नव्हतं. राजघाट हे मुळात शाहजहानाबादच्या, म्हणजे जुन्या दिल्लीच्या, यमुनेवरच्या एका घाटाचं नाव. शहराच्या तटाला त्या बाजूला राजघाट दरवाजाही होता. स्मारकाने ते नाव शेजारून उचललं. मग मात्र मजा झाली. 'घाट' म्हणजेच नेत्याचं स्मारक असं लोकांच्या डोक्यात बसलं आणि त्याचा प्रत्यय झाला. शास्त्रीजी १९६६ ला गेले, त्यांचा विजय घाट. चरणसिंग १९८७ ला गेले, त्यांचा किसान घाट. मोरारजी १९९५ ला गेले, तर अहमदाबादेत अभय घाट. मधल्या काळात नेहरूंचं शांतिवन, इंदिराबाईंचं शक्तिस्थळ, राजीवचं वीरभूमी. घाट, वन, स्थळ, भूमी सगळं वापरून झालं. २०१८ साली वाजपेयींच्या वेळी तर थेट क्रियाविशेषणावर आले: 'सदैव अटल'. दिल्लीत खराखुरा नदीकाठचा, रोज चिता पेटणारा घाट बघायचा तर निगमबोधला जा.

आता मुद्द्याचं. दहनाच्या जागेवरच्या स्मारकाला नेमका शब्द आपल्याकडे आहे, आणि तो मुंबईत रोज लोकांच्या तोंडी आहे. चैत्य.

चि हा संस्कृत धातू, म्हणजे रचणं, थरावर थर घालणं. लाकडं रचली की चिता. विटा रचल्या की चिति, म्हणजे यज्ञाची वेदी. ससाण्याच्या आकाराची रचली की श्येनचिति. गोळा केलं की संचय. तिसऱ्या दिवशी आपण राख सावडतो त्याचं संस्कृत नाव अस्थिसंचयन, त्यातही तोच चि. भिंतीत चिणून मारलं, त्यातलं चिणणं हेही चिनोतिचंच, म्हणजे याच चि धातूचं, लेकरू. घरात कोणी गेलं की आपण चिता म्हणत नाही, सरण म्हणतो. पण सरणाचं काय करतो? रचतो. धातू हरवला तरी अर्थ जागचा हलला नाही. अशा त्या चितेचं ते चैत्य. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत झालं, दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर दहन झालं, आणि त्याच जागी पुढे स्तूप उभा राहिला. ५ डिसेंबर १९७१ ला त्याचं उद्घाटन झालं. चैत्यभूमी! चितेची जागा आणि बौद्ध स्तूप, दोन्ही एका शब्दात. हे नाव पहिल्यांदा ज्याच्या तोंडून निघालं त्याच्या कानाला मी दाद देतो. दिल्लीच्या फायलींतून एवढी वर्षं घाट आणि भूमी निघत राहिल्या, त्यांना हे सुचलं नाही.

यावर दोन पक्ष माझ्याशी भांडतात. पहिला म्हणतो, चैत्य 'चित्ता'वरून, म्हणजे चित्त एकाग्र करण्याची जागा. ही व्युत्पत्ती प्रवचनात शोभते, तिला तिथेच राहू द्यावं. दुसरा पक्ष जास्त अवघड, कारण तो शिकलेला आहे. तो म्हणतो, चैत्य चितीवरून, विटांच्या वेदीवरून. चितेशी संबंध नाही. पुरावा म्हणून चैत्यवृक्ष दाखवतात, लंकेत हनुमंताने फोडलेला चैत्यप्रासाद दाखवतात आणि शेवटी अमरसिंहाचा संस्कृत शब्दकोश, अमरकोश, आपटतात: "चैत्यमायतनं तुल्ये", म्हणजे चैत्य आणि आयतन (देवस्थान) हे शब्द सारखेच. अमरसिंह थोर खरा, पण पाठ करायला सोपं जावं म्हणून त्याने दोन शब्द एका दावणीला बांधले, एवढ्याने ते जुळे होत नाहीत. झाडाभोवतीचा पार हाही रचलेलाच असतो, हे त्या मंडळींच्या लक्षात येत नाही. मुळात चिता आणि चिति या सख्ख्या बहिणी. एकीचं नाव घेतल्याने दुसरीला घराबाहेर कशाला काढायचं?

आणि भाज्याच्या बौद्ध लेण्यांना जाऊन या ना. चैत्यगृहाचे फोटो काढून झाले की लोक परत फिरतात. थोडं पुढे चला. तिथे कातळातले १४ स्तूप आहेत, काही छताखाली, बाकीचे उघड्यावर, आणि काहींवर दिवंगत थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंची, नावं कोरलेली आहेत: अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन. गेलेल्या वडीलधाऱ्यांची एका आवारात ओळीने स्मारकं. केंद्रीय मंत्रिमंडळाने यमुनेकाठी जागा पुरेना म्हणून २०१३ साली 'सगळ्यांचं एकच स्मृतिस्थळ' ठरवलं. लोणावळ्याच्या अलीकडे ते दोन हजार वर्षांपूर्वीच ठरलं होतं.

शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथातली एक जागा तर मला फार आवडते. तिथे 'श्मशान' म्हणजे जाळायची जागा नाही, अस्थींवर रचलेला ढिगारा आहे. (याच श्मशानाचं आपण मसण केलं. निरुक्तकार यास्क, म्हणजे वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणारा, सांगतो, श्म म्हणजे शरीर, ते जिथे निजतं ते श्मशान. शतपथ सांगतो, शवांचं अन्न ते शवान्न, त्याचं श्मशान. दोघांनीही कल्पनाशक्ती वापरली आहे, यास्काने जरा कमी.) तर शतपथ म्हणतो की देवांची प्रजा हे ढिगारे चौकोनी करते, असुरांची, पूर्वेकडची वगैरे जी आहेत ती गोल करतात. लिहिणाऱ्याने शिवी म्हणून लिहिलं, आपल्याला पुरावा म्हणून मिळालं. पूर्वेकडे अस्थींवर गोल रचण्याची रीत होती आणि पूर्वेकडूनच पुढे स्तूप आला. राजघाटचा चौथरा चौकोनी, दादरचा स्तूप गोल, ही वाटणी तेव्हापासूनची, असं माझं मत आहे. वास्तुविशारदांच्या मनात हे नसणार, हे मला मान्य आहे. तरी मत कायम.

हां, तुमचा दुसरा अर्धा प्रश्न. 'स्मृतिस्थळ' हा शब्द दिल्लीकडून घ्यायची गरजच नाही. महानुभावांनी तो चौदाव्या शतकात वापरून ठेवला आहे. नागदेवाचार्य आणि त्यांच्याभोवतीच्या मंडळींच्या आठवणींचा जो ग्रंथ, त्याचं नाव स्मृतिस्थळ. आठवणी ठेवायची जागा, आणि ती कागदाची. याच पंथाने चक्रधर जिथे बसले, उभे राहिले, तिथे ओटे बांधून त्या जागाही जपल्या. राजघाटाला साध्या मराठीत मी ओटाच म्हणेन, पण ऐकणार कोण.

तेव्हा 'राष्ट्रीय स्मृतिस्थळ' लिहा. स्मृतिस्थळ जोडून, ति ऱ्हस्व, शेवटी ळ. स्मृती एकटी असली की दीर्घ, समासात पहिली आली की ऱ्हस्व. समाधिस्थळाचंही तेच, प्रीतिसंगमाचंही तेच. आणि मध्ये जागा सोडून 'स्मृती स्थळ' लिहू नका, स्मृती नावाच्या मुलीला स्थळ आल्यासारखं वाटतं.