नैतिक नियम निरपवाद असू शकतात का?

नैतिक नियम कधी निरपवाद असू शकतात का, की परिस्थिती बदलली की प्रत्येक नियमाला मुरड घालावीच लागते, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते असे नियम असू शकतात, पण फार थोडे. आणि या चर्चेत ज्याचे नाव सर्वांत आधी निघते, तो सत्यवचनाचा नियम मात्र त्यांत बसत नाही.

महाभारताच्या कर्णपर्वात याचा ऊहापोह आहे. 'गांडीव दुसऱ्याला देऊन टाक' असे जो म्हणेल त्याचा वध करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा असते. संतापलेला युधिष्ठिर नेमके तेच बोलून जातो आणि अर्जुन थोरल्या भावावर तलवार उपसतो. त्या वेळी श्रीकृष्ण त्याला कौशिकाची कथा सांगतात. सदैव सत्यच बोलण्याचे व्रत घेतलेल्या या तपस्व्याने, दरोडेखोरांच्या भयाने रानात शिरलेली माणसे कुठे गेली ते त्यांचा पाठलाग करणाऱ्यांना खरे खरे सांगितले. माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. मौन पाळून सुटका होत असेल तर मौन पाळावे, तसे शक्य नसेल तर अशा प्रसंगी असत्य बोलणेच श्रेयस्कर, असा तिथला निर्वाळा आहे. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७९७ साली जवळजवळ अशाच प्रसंगाविषयी नेमकी उलट भूमिका घेतली: खुनी दाराशी येऊन विचारत असला तरी खोटे बोलण्याचा अधिकार नाही. कांट यांच्याविषयी मला अतिशय आदर आहे, तरीही इथे श्रीकृष्णांचे म्हणणेच मला पटते. खरे ऐकण्याचा आपला हक्क परस्परविश्वासावर उभा असतो, आणि जो ते सत्य खुनाचे साधन म्हणून मागतो, त्याने तो हक्क आपल्या हाताने गमावलेला असतो.

माझी कसोटी इथूनच निघते. समोरच्या माणसाच्या कोणत्याही कृत्याने जो हक्क नष्ट होऊ शकत नाही, त्याचे रक्षण करणारा नियमच निरपवाद ठरू शकतो. माहिती काढण्यासाठी कुणाचाही छळ करू नये, हा मला असा नियम वाटतो. छळात माणसाच्या शरीराचाच त्याच्या इच्छेविरुद्ध शस्त्रासारखा उपयोग केला जातो, आणि तो माणूस कितीही नीच असला तरी तसे करण्याची मोकळीक आपल्याला मिळत नाही. शिवाय हा नियम केवळ 'मी हे करणार नाही' एवढेच मागत असल्यामुळे तो पाळणे प्रत्येक प्रसंगी शक्य असते. 'सर्वांना वाचवा' या आज्ञेबद्दल तसे म्हणता येत नाही.

यावर येणारा सर्वांत कठीण आक्षेप काल्पनिक नाही. सप्टेंबर २००२ मध्ये जर्मनीतील फ्रँकफर्टमध्ये ११ वर्षांच्या एका मुलाचे अपहरण झाले. खंडणीची रक्कम उचलणारा तरुण पकडला गेला, पण तो मुलाचा खरा ठावठिकाणा सांगेना. मूल कुठेतरी तहानभुकेने मरत असेल, या भीतीने शहराच्या पोलीस उपप्रमुखांनी १ ऑक्टोबरला त्याला असह्य वेदना देण्याची धमकी द्यायला लावली आणि तो आदेश स्वतःच कागदोपत्री नोंदवून ठेवला. तरुण काही मिनिटांतच बोलला. मुलाचा खून मात्र त्याने अपहरणाच्या दिवशीच केलेला होता.

मूल जिवंत असते तर? हा प्रश्न टाळून निरपवादतेची बाजू मांडणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. तसे असते तरी ती धमकी अयोग्यच ठरली असती, असे मी म्हणतो, आणि हे म्हणताना एखाद्या प्रसंगी या नियमाची किंमत एका निष्पाप जिवाएवढी असू शकते, हे मला मान्य करावे लागते. तरीही अपवादाचे दार उघडले, तर निकडीचा प्रसंग कोणता हे दर वेळी कोठडीतला अधिकारीच ठरवणार, आणि समोरचा माणूस अपराधी आहे की नाही, याची त्याला प्रत्यक्षात क्वचितच खात्री असते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८४ च्या छळविरोधी करारात युद्ध, आणीबाणी किंवा वरिष्ठांचा हुकूम यांपैकी कोणतीही सबब चालणार नाही, असे म्हटले आहे ते म्हणूनच. भारताने १९९७ मध्ये या करारावर स्वाक्षरी केली, पण त्याला अद्याप अनुसमर्थन, म्हणजे तो बंधनकारक करणारी अंतिम मान्यता, दिलेले नाही, याचे मला दुःख आहे.

नियम निरपवाद असला म्हणून शिक्षाही निष्ठुर असली पाहिजे, असे मात्र नाही. फ्रँकफर्टच्या न्यायालयाने २००४ मध्ये त्या अधिकाऱ्याला दोषी ठरवले, पण दंड स्थगित ठेवून समज देण्यावर भागवले. २०१० मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ती धमकी युरोपीय मानवी हक्क कराराचा भंग करणारी ठरवताना ही शिक्षा नाममात्र असल्याची टीका केली. इथे माझे मत युरोपीय न्यायालयापेक्षा वेगळे आहे: मूल वाचवण्याच्या तळमळीने वागलेल्या आणि आपले कृत्य न लपवणाऱ्या माणसाला दोषी म्हणणे आवश्यक होते, कठोर शिक्षा करणे आवश्यक नव्हते.